एरंडाच्या घरातले महाकाय फूल : रॅफ्लेशियाच्या कुलनिश्चितीचे प्रकरण

अनोळखी वनस्पती समोर आली की वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर ठरावीक गोष्टींवर फिरते. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ मोडला तर चीक येतो का, पाकळ्या सुट्या आहेत की जुळलेल्या, बीजकोशात कप्पे किती, हे तो पाहतो आणि या खुणांवरून कुल, म्हणजे वनस्पतीचे घराणे, ठरवतो. परजीवी वनस्पतींच्या बाबतीत यातल्या काही खुणा मिळत नाहीत, तरी सहसा काम अडत नाही. आपल्याकडची अमरवेल घेतली, तर तिला ना हिरवी पाने ना जमिनीतली मुळे, पण तिची बारीक पांढरी फुले भिंगाखाली धरली की रताळ्याच्या कुलाशी तिचे असलेले नाते लपत नाही. बांडगुळाला तर पानेही असतात. सुमात्रा, जावा, बोर्निओ, मलाया द्वीपकल्प आणि फिलिपिन्सच्या वर्षावनांत आढळणाऱ्या रॅफ्लेशियाने मात्र ही सगळी रीत निरुपयोगी ठरवली. जगातले सर्वांत मोठे एकल फूल हातात असूनही ते कोणाच्या घरातले, हे १८२० पासून २००७ पर्यंत नक्की सांगता आले नाही. उत्तर मिळायला एवढा काळ का लागला आणि वाटेत कोणत्या पुराव्याने कशी दिशाभूल केली, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

फूल सापडले, झाड सापडेना

मे १८१८ मध्ये सुमात्राच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बेंगकुलू येथील इंग्रज वसाहतीचा प्रमुख स्टॅमफर्ड रॅफल्स मान्ना नदीच्या काठाने आतल्या मुलखात दौऱ्यावर निघाला होता. त्याच्यासोबत जोसेफ आर्नल्ड हा डॉक्टर आणि निसर्ग अभ्यासक होता. वाटेत एक मलय नोकर धावत आला आणि मोठे, सुंदर, अद्भुत फूल पाहायला चला, म्हणून आर्नल्डला झाडीत घेऊन गेला. तिथे जमिनीलगत जे फूल होते त्याची रुंदी एक यार्डभर, म्हणजे जवळपास मीटरभर भरली, वजन १५ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो झाले आणि मधल्या वाटीत १२ पाइंट द्रव मावेल असा त्याने अंदाज केला. आपण एकटे असतो आणि साक्षीदार नसते, तर या फुलाची मापे सांगण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशा आशयाचे वाक्य त्याने पत्रात लिहिले. ते पत्र पुरे करणे त्याच्या नशिबी नव्हते. जुलै १८१८ मध्ये पाडांग येथे तापाने त्याचा मृत्यू झाला. पुढचा मजकूर रॅफल्सने लिहिला आणि पत्र लंडनला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सकडे पाठवले.

स्थानिक लोकांना हे फूल नवे नव्हते. त्याला तिथे सैतानाचे पानदान अशा अर्थाचे नाव होते, अशी नोंद रॅफल्सनेच केली आहे, आणि विडा खाणाऱ्या समाजाला ती मधली खोल वाटी पाहून दुसरे काय आठवणार? युरोपीय लोकांतही आर्नल्ड पहिला नव्हता. लुई देशाँ या फ्रेंच अभ्यासकाला १७९७ मध्ये जावा बेटाच्या परिसरात याच प्रजातीतील (genus) दुसरी जाती (species) सापडली होती, परंतु त्याचे कागद इंग्रजांच्या हाती पडले आणि श्रेय दुसरीकडे गेले. नामकरणाचा हा वाद रंजक असला तरी आपल्या प्रकरणात त्याला फारसे स्थान नाही.

लंडनमध्ये हे साहित्य रॉबर्ट ब्राउन याच्याकडे आले. पेशीतील केंद्रकाला नाव देणारा आणि पाण्यातील सूक्ष्म कणांच्या थरथरीमुळे पुढे भौतिकशास्त्रातही नाव राहिलेला हा त्या काळातील अत्यंत काटेकोर वनस्पतिशास्त्रज्ञ होता. जून १८२० मध्ये त्याने लिनिअन सोसायटी या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेपुढे या वनस्पतीवर निबंध वाचला, प्रजातीला रॅफल्सचे आणि जातीला आर्नल्डचे नाव दिले आणि रॅफ्लेशिया आर्नोल्डाय हे नाव रूढ झाले. मात्र फूल कोणत्या कुलात घालायचे, या प्रश्नावर त्याची लेखणी सावध झाली. ईश्वरी नावाची वेल ज्यात येते त्या ॲरिस्टोलोकियाच्या गटाशी त्याला साम्य दिसले. फुलाच्या मध्याभोवतीचे कडे पाहून कृष्णकमळाच्या कुलाचाही विचार त्याने केला. हातात नरफूलच होते, फळ नव्हते. मादीफूल आणि फळ मिळाल्यावर त्याने दुसरा निबंध लिहिला, पण कोडे सुटले नाही.

यात ब्राउनचा दोष नव्हता. रॅफ्लेशियाचे झाड नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. द्राक्षकुलातील टेट्रास्टिग्मा या प्रजातीच्या रानवेलींच्या आत तिचे शरीर बुरशीच्या तंतूंसारखे पसरलेले असते; त्याला खोड म्हणावे, मूळ म्हणावे की पान म्हणावे, असा प्रश्नच उद्भवत नाही. वेलीची साल फोडून एक गाठ वर येते, कित्येक महिन्यांत ती कोबीच्या गड्ड्याएवढी होते, एके दिवशी पाच जाड, तांबूस, पांढरट डागांच्या पाकळ्या उलगडतात आणि आठवडाभरात सगळे काळे पडून सडते. कुजक्या मांसासारख्या वासाला भुलून येणाऱ्या माश्यांच्या पाठीवर नरफुलातील चिकट परागाचा लेप बसतो. माशी त्याच सुमारास उमललेल्या मादीफुलात शिरली तरच फळ धरते. कुल ओळखण्याच्या खुणांपैकी निम्म्या इथे मुळातच नाहीत आणि उरलेल्या, म्हणजे फुलातल्या, माशीला फसवण्याच्या गरजेने इतक्या बदललेल्या आहेत की त्यांवर विसंबणे धोक्याचे होते.

येथे एक खुलासा केलेला बरा, कारण मराठीतील वृत्तांमध्ये ही गल्लत नेहमी होते. सुमात्रातच वाढणारी आणि मृतदेहासारखा वास येणारी, माणसाहून उंच होणारी ती दुसरी वनस्पती, टायटन अरम, सुरणाच्या प्रजातीतली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात भाजीसाठी विकायला येणारे शेवळ तिचे सख्खे नातलग. ते एक फूल नसून असंख्य बारीक फुलांचा तुरा असतो आणि त्या वनस्पतीला स्वतःचा कंद व स्वतःचे हिरवे पान असते. तिचे नाते कधी वादात नव्हते.

एका कुलाखाली चार घरे

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील वर्गीकरणाने या अडचणीवर काढलेला मार्ग व्यवहार्य होता, पण फसवा होता. पाने नसलेल्या आणि दुसऱ्या वनस्पतीच्या शरीरात राहून केवळ फुलापुरत्या बाहेर येणाऱ्या प्रजाती एकत्र करून त्यांचे रॅफ्लेशिएसी कुल बनवण्यात आले. रॅफ्लेशियाबरोबर रायझँथस आणि सॅप्रिया या तिच्या खऱ्या बहिणी त्यात होत्याच. भूमध्य समुद्राभोवती झुडपांच्या मुळांवर वाढणारी सायटिनस, ओक व तत्सम वृक्षांच्या मुळांवरची मिट्रास्टेमा आणि फांद्यांच्या सालीतून टाचणीच्या डोक्याएवढी फुले काढणारी पायलोस्टायलिस यांनाही तिथेच जागा मिळाली. हे म्हणजे गावात भाड्याने राहणाऱ्या सगळ्यांना एकाच आडनावाचे समजण्यासारखे झाले. राहण्याची पद्धत एकसारखी आहे, एवढ्यावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही, हे तत्त्व कोणाला अमान्य नव्हते. पण वेगळे करायला दुसरा पुरावाही नव्हता.

१९९० नंतर डीएनएच्या अक्षरक्रमांची तुलना करून वनस्पतींची वंशावळ मांडण्याचे काम वेगाने सुरू झाले. त्यासाठी सर्वांत सोयीचे जनुक होते हरितलवकातील आरबीसीएल. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या प्रथिनाचा मोठा भाग त्यावरून तयार होतो, हिरव्या वनस्पतींत ते सर्वत्र असते आणि फार भरभर बदलत नाही. १९९३ मध्ये सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींची या एका जनुकावर आधारलेली वंशावळ प्रसिद्ध झाली आणि कित्येक जुने वाद मिटले. रॅफ्लेशिया या मोजदादीतून बाहेर राहिली. जी वनस्पती सूर्यप्रकाशाचा वापरच करत नाही तिच्यात हे जनुक सापडेना.

मग केंद्रकातील जनुकांकडे वळावे, तर तिथे दुसरे विघ्न होते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमशी संबंधित जे जनुक अशा कामासाठी नेहमी वापरले जाई, ते पूर्ण परजीवी वनस्पतींत विलक्षण वेगाने बदललेले निघाले. एवढ्या वेगाने बदललेल्या दोन वंशरेषा शेजारी ठेवल्या की त्यांच्यात योगायोगानेच बरीच अक्षरे जुळतात आणि गणिताला त्या जवळच्या नातलग वाटतात. पुरावा नसण्यापेक्षा असा पुरावा असणे जास्त घातक असते, कारण त्यातून आकडे मिळतात आणि आकड्यांवर विश्वास बसतो.

२००४ : दोन साक्षी, दोन जबान्या

उरली होती पेशीतील ऊर्जा निर्माण करणारी तंतुकणिका. परजीवी झाले तरी श्वसन सुटत नाही, त्यामुळे तिची जनुके रॅफ्लेशियात शाबूत असणार, हा तर्क बरोबर होता. २००४ मध्ये टॉड बार्कमन आणि सहकाऱ्यांनी तंतुकणिकेतील मॅट-आर या जनुकावरून रॅफ्लेशियाचे स्थान मॅल्पिगिएलीझ या गणात असल्याचे दाखवले. गण म्हणजे अनेक कुलांचा समूह, आणि हा गण प्रचंड आणि बहुरूपी आहे. आपल्या ओळखीच्या वनस्पतींपैकी कोकम, आवळा, जवस, वाळुंज, कृष्णकमळ आणि एरंड हे सगळे त्यात येतात. म्हणजे गाव कळले. घर कळले नाही.

त्याच वर्षी चार्ल्स डेव्हिस आणि केनेथ वर्डॅक यांनी एकाऐवजी अनेक जनुके तपासली आणि प्रकरणाला अनपेक्षित वळण लागले. मॅट-आर आणि केंद्रकातील एक जनुक रॅफ्लेशियाला मॅल्पिगिएलीझ गणातच ठेवत होते. तंतुकणिकेतील नॅड-१ या जनुकाचा एक भाग मात्र निराळीच साक्ष देत होता. त्याच्या मते रॅफ्लेशिया द्राक्षाच्या कुलातली होती, तीही टेट्रास्टिग्माच्या अगदी जवळची. म्हणजे ती जिच्या अंगावर जगते त्याच वेलीची नातलग!

अशा वेळी पहिली शंका प्रयोगशाळेतील भेसळीची येते, आणि ती यायलाच हवी. परजीवीचे तंतू आणि वेलीचे ऊतक एकमेकांत गुंतलेले असल्याने नमुन्यात वेलीचा डीएनए मिसळणे सहज शक्य असते. परंतु मिळालेला क्रम टेट्रास्टिग्माच्या आजच्या क्रमाशी तंतोतंत जुळत नव्हता. तो वेलीच्या क्रमातून निघून पुढे स्वतंत्रपणे बदलत गेलेला होता. भेसळ असती तर असे झाले नसते. एकच निष्कर्ष उरला : पूर्वी केव्हातरी यजमान वेलीच्या जनुकाचा हा तुकडा परजीवीच्या शरीरात शिरला, तिथेच रुजला आणि पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळत गेला. आईबापांकडून न येता शेजाऱ्याकडून आलेला हा वारसा होता. जिवाणूंमध्ये असे घडते हे परिचित होते. सपुष्प वनस्पतींत, यजमानाकडून परजीवीकडे, हा प्रकार इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवला गेला होता.

प्रसिद्धी पुढे २००७ च्या निष्कर्षाला मिळाली, तरी माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण २००४ चा हा विसंवाद आहे. केवळ नॅड-१ तपासले गेले असते, तर रॅफ्लेशिया द्राक्षकुलात जाऊन बसली असती आणि परजीवी आपल्या नातलगाच्याच अंगावर वाढतो, अशी एक सुबक गोष्टही तयार झाली असती. वारसनोंदीत एका कागदावर भलत्याचे नाव लागले तर फेरफाराचे बाकीचे कागद काढून पाहावे लागतात. इथे ते काढले गेले, म्हणून चूक हाती लागली आणि त्या चुकीनेच एक नवी माहिती दिली.

याच सुमारास डॅनियल निकरेंट आणि सहकाऱ्यांनी जुन्या कुलातील बाकीच्या प्रजातींचीही तपासणी केली. एका छपराखाली कोंबलेली मंडळी चार दिशांना गेली. मिट्रास्टेमा चहा आणि बकुळ ज्या गणात येतात त्या गणात गेली. सायटिनस कापूस-भेंडीच्या गणात आणि पायलोस्टायलिसचा गट, पुढच्या अभ्यासांत नक्की झाल्याप्रमाणे, काकडी-भोपळ्याच्या गणात गेला. मूळ नावाखाली केवळ रॅफ्लेशिया, रायझँथस आणि सॅप्रिया या तिघी राहिल्या. सपुष्प वनस्पतींमध्ये दुसऱ्याच्या शरीरात दडून जगण्याची ही पद्धत एकदा नव्हे, तर अनेकदा स्वतंत्रपणे निर्माण झाली, हे त्यातून स्पष्ट झाले.

घर सापडले

मॅल्पिगिएलीझ गणाची अंतर्गत रचना तेव्हा धूसर होती, त्यामुळे नेमके कुल सांगण्यासाठी त्या गणातील जास्तीत जास्त शाखांचे नमुने तुलनेत घेणे गरजेचे होते. डेव्हिस, निकरेंट, वर्डॅक आणि सहकाऱ्यांनी ते केले आणि जानेवारी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. रॅफ्लेशियाची वंशरेषा युफोर्बिएसी, म्हणजे मराठीत ज्याला आपण एरंड कुल म्हणतो, त्याच्या आतून निघाली होती.

ओसाड गावी एरंड बळी, अशी ज्याची आपल्या भाषेत किंमत, त्याच्या घरात जगातले सर्वांत मोठे फूल निघावे, याची गंमत मराठी वाचकाला अधिक वाटेल. या कुलातली मंडळी आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. कुंपणाचा शेर आणि मोगली एरंड, रबराचे झाड, उपवासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तो साबुकंद, ही सगळी याच घरातली. यांपैकी कोणाचेही फूल पाहायला आपण मुद्दाम थांबत नाही, कारण ती फुले सहसा काही मिलिमीटरांची असतात. याच कुलातल्या शोभेच्या पॉइनसेटियाचा भडक लाल रंगही फुलांचा नसून त्यांच्या भोवतालच्या पानांचा असतो.

मग प्रश्न फुलाच्या आकाराचा झाला. संशोधकांनी वंशावळीवर फुलांची मापे मांडून अंदाज केला, तेव्हा रॅफ्लेशिया कुलाच्या पूर्वजाचे फूल सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचे असावे असे निघाले. त्यानंतरच्या सुमारे ४.६ कोटी वर्षांत, आजच्या तीन प्रजाती वेगळ्या होण्यापूर्वीच, ते ७९ पट मोठे झाले. गुणाकार केला तर सुमारे १९ सेंटिमीटर होतात, आणि आज सॅप्रियाचे फूल साधारण तेवढेच असते. मीटरभराचा पल्ला रॅफ्लेशियाच्या काही जातींनी त्यानंतर गाठला. हे आकडे मापलेले नसून गणिताने मागे जाऊन काढलेले आहेत, त्यामुळे ४.६ कोटी हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. परंतु बदलाचा एकूण आवाका त्यातून कळतो. ज्या वनस्पतीला पान, खोड आणि मूळ यांच्यावर काहीही खर्च करावा लागत नाही आणि जिचा सगळा खर्च दुसरा भागवतो, तिला फुलावर उधळपट्टी करणे परवडते, आणि दाट जंगलात लांबवरच्या माश्यांना मेलेल्या जनावराचा भास घडवायचा तर आकार उपयोगी पडतो. मोठ्या फुलामागची ही कारणमीमांसा पटण्याजोगी असली तरी ती अनुमानच आहे, तर कुलनिश्चिती पुराव्यानिशी झालेली आहे.

तथापि एक तांत्रिक पेच उभा राहिला. वर्गीकरणाच्या आजच्या नियमानुसार कुल म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज. रॅफ्लेशिया एरंड कुलाच्या आतून निघाली असेल, तर तिला स्वतंत्र कुल ठेवून बाकीच्यांना एरंड कुल म्हणता येत नाही. तिला त्यात विलीन करावे लागते किंवा एरंड कुल फोडावे लागते. रॅफ्लेशियाच्या आधी वेगळी झालेली एक छोटी शाखा पेरेसी या नावाने स्वतंत्र करण्याचा मधला मार्ग २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वीकारला गेला. त्यामुळे उरलेले एरंड कुल एकसंध राहिले आणि रॅफ्लेशिएसी हे नावही टिकले. थोडक्यात, रॅफ्लेशिया आज एरंडाच्या घरात राहत नाही. ती त्याच्या शेजारची, भाऊबंदकीतली आहे. या लेखाच्या मथळ्यात मी २००७ ची भाषा ठेवली आहे, हे मान्य करतो.

उसन्या जनुकांचा हिशेब

कुल ठरले तरी शोध थांबला नाही. फिलिपिन्समधील लुझॉन बेटावरील रॅफ्लेशिया लागास्काय या जातीच्या डीएनएचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हरितलवकाचा जनुकसंच तीत संपूर्ण नाहीसा झाला असावा, असे त्यातून दिसले. १९९३ च्या मोजदादीतून ही वनस्पती का सुटली, त्याचे हे सविस्तर उत्तर म्हणता येईल.

२०२१ मध्ये सॅप्रियाचा जनुकसंच वाचला गेला. सॅप्रिया हिमालयाना ही भारतातही आढळते; अरुणाचल प्रदेशातील नामदफाच्या जंगलात तिची तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुले टेट्रास्टिग्माच्या मुळांवर येतात. टेट्रास्टिग्माच्या वेली सह्याद्रीतही आहेत, परंतु या कुलातली एकही वनस्पती इकडे नाही. सपुष्प वनस्पतींत सर्वत्र टिकून असलेल्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के सॅप्रियाने गमावलेली निघाली. एवढे गमावूनही तिचा जनुकसंच आटोपशीर झाला नव्हता. त्याचा जवळपास ९० टक्के भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांनी भरलेला होता. आणि तिच्या जनुकांपैकी एक टक्क्याहून थोडी अधिक जनुके यजमानांकडून आलेली होती.

ही माहिती जंगलात रॅफ्लेशिया वाचवणाऱ्यांच्या किती कामाची, हा प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ज्ञात ४२ जातींपैकी सुमारे ६० टक्के जातींना नष्ट होण्याचा तीव्र धोका आहे, आणि बी पेरून रोप वाढवावे असा सरळ उपाय इथे चालत नाही. जावातील बोगोर वनस्पती उद्यानात रॅफ्लेशिया पटमाचे फूल २०१० मध्ये उमलले, ते परजीवीने आधीच व्यापलेल्या रानवेलीचे कलम निरोगी वेलीवर बांधून. तिथे एरंडाशी असलेल्या नात्याचा काही उपयोग झाला नाही; उपयोग झाला तो द्राक्षकुलातील वेलीची कलमे कशी जगतात या माळ्याच्या ज्ञानाचा.

वंशावळ मांडणाऱ्यांचे लक्ष मात्र आता त्या उसन्या जनुकांकडे लागले आहे. प्रत्येक उसना तुकडा कोणत्या वेलीच्या क्रमाशी सर्वाधिक जुळतो, हे पाहिले की या परजीवीचे तंतू पूर्वी कोणाच्या शरीरात होते याचा माग लागतो. आजच्या यजमानांच्या आधी कोण होते, हेही त्यातून शोधता येते. परजीवीच्या नाजूक तंतूंचे जीवाश्म मिळण्याची आशा जवळपास नाही. २००४ मध्ये खोटी साक्ष म्हणून बाजूला काढलेला नॅड-१ चा तुकडा आता याच कामासाठी, रॅफ्लेशियाने कधीकाळी कोणाच्या घरी जेवण घेतले याची नोंद म्हणून, पुन्हा वाचला जातो.